बातमीच्या आधी भरलेला फॉर्म : सोलापुरातील एका भरतीइच्छुक मुलाचे प्रकरण

मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरातल्या एका यूट्यूब वाहिनीने दीड मिनिटाचा व्हिडिओ टाकला. मथळा होता, ‘पहलगामचा बदला घेणारच! आईने दागिने गहाण ठेवले, विडी कामगाराचा लेक निघाला सीमेवर’. मागे भोंग्याचा आवाज, लढाऊ विमानांची जुनी दृश्ये, आणि मधोमध एक मुलगा. वय वीस पूर्ण, एकविसावे चालू. आमच्या महाविद्यालयात तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. आमच्याकडच्या मार्गदर्शन केंद्रात मी भरतीच्या मुलांचे काम पाहतो, त्यामुळे तो मला आधीपासून माहीत होता. त्याची ओळख कळू नये म्हणून घरचे काही तपशील इथे बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे, कारण हे प्रकरण त्या क्रमातच उलगडते.

अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठीच्या सैन्य भरतीचे ऑनलाइन अर्ज त्या वर्षी १२ मार्चला सुरू झाले आणि एप्रिलमध्ये बंद झाले. या मुलाने फॉर्म मार्चमध्येच भरला होता. पहलगामचा हल्ला झाला २२ एप्रिलला. ‘ऑपरेशन सिंदूर’ ७ मे रोजी सुरू झाले, तेव्हा त्याचा फॉर्म भरून दीड महिना उलटला होता. बातम्या पाहून पेटून उठलेल्या एखाद्या मुलाला ७ मेच्या सकाळी अर्ज करायचा म्हटले असते, तरी त्या वर्षी ते शक्य नव्हते. व्हिडिओ करणाऱ्याने त्याला ‘फॉर्म कधी भरलास?’ एवढे विचारले असते, तर त्याची बातमी जागेवर कोसळली असती. तो प्रश्न विचारला गेला नाही.

दागिन्यांचे काय? दागिना गहाण पडला होता, हे खरे. पण तो आदल्या वर्षी जूनमध्ये, भरती अकॅडमीची फी भरायला. घरात फीसाठी सोने ठेवणे ही सोलापुरात, आणि सोलापुरातच कशाला, कष्टकऱ्यांच्या कुठल्याही वस्तीत नेहमीची गोष्ट आहे. कुणी पॉलिटेक्निकसाठी ठेवते, कुणी नर्सिंगसाठी. व्हिडिओत ती गोष्ट ‘युद्धासाठी आईचा त्याग’ झाली. या प्रकारच्या बातमीदारीत साफ खोटे फार कमी असते. खरा तपशील उचलून दुसऱ्याच तारखेला चिकटवला जातो, आणि खोटे पकडायला गेलेल्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून मला ती निव्वळ थापेपेक्षा जास्त घातक वाटते.

घर आणि ग्राउंड

मुलगा राहतो विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. आई विड्या वळते. सूप मांडीवर, पाने कातरलेली, आणि मजुरी हजार विड्यांमागे. वडील यंत्रमागावर, टेरी टॉवेलच्या कारखान्यात. धाकटी बहीण बारावीला. सुट्टीच्या दिवशी मुलगा वडिलांबरोबर लूमवर जाऊन कांड्या भरायचा, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायचा.

सोलापूरची चादर आणि टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, शहराला त्याचा अभिमान आहे, आणि तो असायलाही हवा. पण ती चादर विणणाऱ्याच्या घरातला मुलगा लूमवर जायला तयार नाही, हेही याच शहराचे आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी १९६३ साली बंद पडली. पुढे दुसऱ्या मोठ्या गिरण्याही गेल्या. गिरणीतल्या नोकरीला निदान हजेरी होती, फंड होता, भोंग्याची वेळ होती. यंत्रमागावर जेवढे विणले तेवढे पैसे. अशा घरातल्या मुलाला ‘कायम नोकरी’ या दोन शब्दांत जे दिसते, ते पगारदार घरातल्या माणसाला सहज कळत नाही.

या मुलाचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. भरतीची मुले त्याला ‘ग्राउंड मारणे’ म्हणतात. सोळाशे मीटर, बीम (आडव्या दांडीला लटकून शरीर वर खेचणे), लांब उडी. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आले तर पूर्ण ६० गुण. पुढच्या पंधरा सेकंदांत आले तर ४८. दहा बीमला ४०. पंधरा सेकंदांना बारा गुण पडतात हे ज्याला ठाऊक आहे, तो महिनोन् महिने त्या पंधरा सेकंदांसाठी पळतो. अशा मुलाच्या डोक्यात पाकिस्तान कमी आणि घड्याळ जास्त असते. यात देशप्रेम कमी पडते असे मला कधी वाटले नाही.

मे महिन्याचा तो आठवडा

८ मेच्या रात्री देशातल्या काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. इस्लामाबाद ताब्यात आल्याचे सांगितले. पाकिस्तानचे लष्करप्रमुख अटकेत असल्याचेही सांगितले. सकाळपर्यंत यातले काही उरले नाही. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिललाच लष्करी कारवाईचे थेट प्रक्षेपण करू नका अशी सूचना काढली होती. कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका, हेही वाहिन्यांना वेगळे सांगावे लागले. इतरत्र लागलेल्या आगीचे आणि जुन्या स्फोटांचे व्हिडिओ ताज्या हल्ल्याचे म्हणून फिरत होते, आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) तथ्य-तपासणी विभाग एकेक खोडून काढत होता.

त्या आठवड्यात आमच्या मैदानावर दोन तऱ्हेची मुले होती. जुनी मुले नेहमीसारखी आली, डोळे तारवटलेले, रात्रभर मोबाइल पाहिलेला. पण आली, पळाली, गेली. दुसरी होती नवी. चप्पल काढून अनवाणी पळणारी, ‘सर, आम्हाला डायरेक्ट पाठवत्यात का?’ असे विचारणारी. प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिल्याची बातमी ९ मेला आली. ती आधीच भरती झालेल्या जवानांबद्दल होती. गल्लीतल्या चर्चेत ती ‘आता साध्या पोरांना पण बोलावणार’ अशी झाली. १० मेला शस्त्रसंधी झाली. त्यानंतर ही नवी मुले हळूहळू दिसेनाशी झाली.

या मुलांना हसावे असे मला वाटत नाही. त्याच १० मेला चंदीगडमध्ये प्रशासनाने नागरी संरक्षणासाठी स्वयंसेवक हवेत म्हटले, तर टागोर थिएटरबाहेर हजारो तरुण जमले. संकटात ‘मी काय करू?’ असे विचारणारा तरुण ही समाजाची चांगली खूण आहे. पण त्या आठ दिवसांच्या ऊर्मीतून चार वर्षांचा निर्णय निघत नाही. आठ दिवसांच्या ऊर्मीला रक्तदान, नागरी संरक्षण, प्रथमोपचाराचे वर्ग अशी कामे देता येतात. चार वर्षांच्या निर्णयाला दुसरी मुळे लागतात. बातमी या दोघांना एकाच मापाने मोजते.

व्हिडिओ कसा झाला

वाहिनीचा माणूस मैदानावर आला होता. त्याला ‘युद्धावर निघालेला मुलगा’ हवा होता. मुलांनी याच्याकडे बोट दाखवले, कारण पळण्यात तो पुढे होता. चित्रीकरण बराच वेळ चालले. अभ्यास, आहार, अकॅडमी, बहिणीचे शिक्षण, सगळ्यावर तो बोलला. शेवटी प्रश्न आला, ‘पाकिस्तानला काय सांगशील?’ मुलगा आधी गप्प राहिला. मग अशा वेळी जे बोलायचे असते, ते बोलला. व्हिडिओत तेवढेच राहिले.

पुढचे चार-पाच दिवस मजेत गेले. गल्लीत फ्लेक्स लागला, ‘भावी जवान’. एका मंडळाने शाल-श्रीफळ दिले. लूमच्या मालकाने वडिलांना सांगितले, ‘पोराला आता हितं कांड्या भरायला आणू नकोस, फौजी हाय तो.’ म्हणजे सुट्टीच्या दिवसाची मिळकत गेली. नातेवाइकांचे फोन आले. लेखी परीक्षा ३० जूनपासून होती, हे घरातल्या कोणाच्या ध्यानात राहिले नाही. सगळ्यांच्या दृष्टीने पोरगा लागलाच होता.

शस्त्रसंधीनंतर त्याच व्हिडिओखाली वेगळ्या प्रतिक्रिया येऊ लागल्या. ‘युद्ध संपलं की भाऊ, आता काय विड्या वळणार?’ ही त्यांतली एक. आईच्या कामावर कुणी बोलले, हे त्याला सर्वांत लागले. तो मैदानावर यायचा थांबला. आठवडा झाला, तेव्हा त्याचा मित्र त्याला घेऊन माझ्याकडे आला.

त्याने सांगितलेली कारणे

पहिल्या भेटीत तो व्हिडिओच्याच भाषेत बोलला. देश, बदला, बलिदान. मी अडवले नाही. दुसऱ्या भेटीत विचारले, ‘पहिल्यांदा भरतीचा विचार कधी आला? तारीख नको, जागा सांग.’ तेव्हा तो निराळे बोलू लागला. क्रम त्याचाच ठेवला आहे.

सर्वांत आधी वडिलांचे कान. वर्षानुवर्षे मागांच्या खडखडाटात उभे राहून त्यांना कमी ऐकू येते. घरी ते मोठ्याने बोलतात, शेजाऱ्यांना भांडण वाटते. ‘सर, मी लूमवर गेलो की दोन तासांनी डोस्कं बंद पडतंय. पप्पा तीस वर्षं हुभं राहिलेत. मला तिथं हुभंच राहायचं नाही.’ सैन्यात जायचे, याच्या आधी लूमवर जायचे नाही, हे ठरले होते.

मग मावसभाऊ. तो सैन्यात आहे. सुट्टीवर आला की गल्लीतले वयस्कर लोकही त्याला खुर्ची देतात, रेशनच्या दुकानदाराची भाषा बदलते. हा मान पैशाने येत नाही, हे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. बहिणीचे लग्न ठरवताना ‘भाऊ फौजी आहे’ या वाक्याचे वजन काय असते, हेही त्याच्या बोलण्यात आले, पण जरा लाजत.

तिसरे कारण वय. अग्निवीर भरतीची अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस होती. पहिल्या वर्षापुरती ती तेवीस केली, कारण कोरोनाच्या दोन वर्षांत भरती होऊ शकली नव्हती. या मुलासाठी २०२५ चा फॉर्म हा शेवटचा होता. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हे त्याच्या बाबतीत शब्दशः खरे होते, आणि त्याचा पहलगामशी काडीचाही संबंध नव्हता.

मैदानाबद्दल तो सर्वांत जास्त वेळ बोलला. पहाटेची टोळी. तेलुगू घरातली, मराठी, उर्दू, कन्नड बोलणारी मुले एकत्र पळतात, एकाच्या मोबाइलवर वेळ लावतात, एकाच डब्यातली भिजवलेली चणाडाळ खातात. ‘तिथं कोण कुणाचा ते कोण विचारत न्हाई. टायमिंग विचारत्यात.’ अर्धे ग्राउंड त्या टोळीसाठी होते. व्हिडिओनंतर तो यायचा थांबला, तेव्हा त्याने हीच गोष्ट गमावली होती.

देश त्याने शेवटी सांगितला, आणि अगदी हळू आवाजात. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी २०१६ च्या नोव्हेंबरात जम्मूजवळच्या नगरोटा इथे धारातीर्थी पडले. त्यांना निरोप द्यायला लोटलेल्या गर्दीत हा अकरा वर्षांचा मुलगा आत्याचा हात धरून उभा होता. ‘सगळी रडत होती, पण कुणी वाईट बोलत नव्हतं.’ ते दृश्य त्याच्या मनात इतकी वर्षे होते, आणि त्यात सूडाची भाषा नव्हती.

देशप्रेम खोटे आणि पोटच खरे, असा निष्कर्ष यातून काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. या मुलात दोन्ही होते, एकमेकांत मिसळलेले. बातमीने त्यातले एक उचलून ओरडून सांगितले आणि दुसरे लाजिरवाणे ठरवले. मग त्याला स्वतःलाच वाटू लागले की पगाराचा, बहिणीचा, वडिलांच्या कानांचा विचार करणे म्हणजे देशाशी बेइमानी. पगाराचा विचार जो लाजेने टाळतो, तो पगाराची माहितीही नीट घेत नाही. नुकसान इथे होते.

तसेच झाले होते. सही केली तर काय मिळेल, हे त्याला धड ठाऊक नव्हते. योजना जाहीर झाली तेव्हाचे आकडे मी त्याच्यासमोर मांडले : पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यांतले ९,००० सेवानिधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत), हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. सरकार सेवानिधीत तेवढीच भर घालते. चार वर्षांनी व्याज सोडून सुमारे १० लाख ४ हजार. विमा ४८ लाखांचा. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. कायम सेवेत जास्तीत जास्त चौघांतला एक. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. तेव्हा चार वर्षांनी परतणाऱ्यांचे प्रत्यक्ष काय होते, हे त्याला कुणाकडे पाहून शिकण्याची सोय अजून नव्हती. हे ऐकून तो म्हणाला, ‘मावसभाऊ तर म्हणतोय पेन्शन हाय.’ मावसभाऊ जुन्या भरतीतला होता. आईने दागिना गहाण ठेवला तो पेन्शनच्या नोकरीसाठी, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत होती.

ॲक्रिंग्टनचे उदाहरण

विणकरांचे शहर, बेकारी, वृत्तपत्रे आणि भरती यांचा एक जुना दाखला इथे आठवतो. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले ॲक्रिंग्टन हे कापड गिरण्यांचे छोटे गाव. १९१४ च्या उन्हाळ्यात तिथल्या कापड गिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात टाळेबंदी होती. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सप्टेंबरात या गावाने व आसपासच्या वस्त्यांनी मिळून एक पलटण दहा-बारा दिवसांत उभी केली. मित्र मित्रांबरोबर, गिरणीतले गिरणीतल्यांबरोबर.

त्या काळच्या ब्रिटनबद्दल आपल्याकडे असे समजले जाते की बँड वाजले, भित्तिपत्रके लागली आणि तरुण धावत सुटले. आकडे वेगळे सांगतात. ऑगस्टात सुमारे ३ लाख लोक भरती झाले, सप्टेंबरात सुमारे ४ लाख ६२ हजार. सर्वांत मोठा आठवडा होता ३० ऑगस्ट ते ५ सप्टेंबर, सुमारे पावणेदोन लाखांचा. ३० ऑगस्टला ‘द टाइम्स’ने ब्रिटिश सैन्य मार खाऊन मागे हटत असल्याची बातमी छापली होती. म्हणजे फुशारकीपेक्षा संकटाच्या खऱ्या बातमीने जास्त लोक आले. त्याच सुमारास अनेकांचे काम सुटले होते आणि सैनिकांच्या बायकांना भत्ता मिळू लागला होता.

१ जुलै १९१६ ला सॉमच्या लढाईत ॲक्रिंग्टनची ही पलटण सेर गावावर चालून गेली. सुमारे ७२० पैकी ५८४ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. वृत्तपत्रांत सुरुवातीला यशाच्या बातम्या येत होत्या, आणि गावात घरोघरी पत्रे येऊ लागली होती.

सोलापूरचे ॲक्रिंग्टन होईल असे मला म्हणायचे नाही. काळ वेगळा, सैन्य वेगळे, प्रसंग वेगळा. पण गिरणगावातल्या तरुणाच्या निर्णयामागे मित्र, मजुरी आणि मान हे त्रिकूट तिथेही होते, आणि वृत्तपत्रांत त्याला जागा तेव्हाही मिळाली नव्हती.

काय केले

उपाय साधे होते. आई-वडिलांना बोलावून आकडे पुन्हा मांडले, वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात. आई म्हणाली, ‘सोरेगावला लागला तर बरं की, रात्री घरी तरी येईल.’ तिच्या मनात तिथला एसआरपीएफचा, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचा गट होता. एसआरपीएफची माणसेही महिनोन् महिने बंदोबस्ताला बाहेर असतात, हे तिला सांगावे लागले. ते तिला आवडले नाही. पण पोलीस भरतीला खुल्या गटातही २८ वर्षांपर्यंत वय चालते, म्हणजे सैन्याचे दार बंद झाले तरी मुलाच्या हातात सात वर्षे आहेत, हे ऐकून वडिलांचा चेहरा सैल झाला. ‘मग येवढी घाई कशाला?’ असे ते म्हणाले. मुलाने घाईचे कारण त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले, कानांसकट.

वाहिनीकडे मुलाच्या नावाने लेखी तक्रार दिली. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार डिजिटल बातम्यांच्या प्रकाशकाने तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. फॉर्मची तारीख दाखवणारी पावती जोडली. त्यांनी मथळा बदलला, आईच्या कामाबद्दलच्या प्रतिक्रिया काढल्या; व्हिडिओ काढला नाही. तो आजही आहे. फ्लेक्स मात्र मुलाने स्वतः मंडळाकडे जाऊन उतरवला. यासाठी सोळाशे मीटरपेक्षा जास्त दम लागला असणार.

मैदानावर तो जूनच्या सुरुवातीला परतला. लेखी परीक्षा मराठीसह १३ भाषांत होती. त्याने मराठीत दिली आणि तो पास झाला. भरती मेळाव्यात सोळाशे मीटरला तो दुसऱ्या गटात आला, म्हणजे ४८ गुण. मेच्या मध्यापासून बुडालेल्या सरावाचा त्याच्याशी संबंध असेल किंवा नसेल. त्याच्या मते आहे. मेरिट यादीत नाव आले नाही.

निकालानंतर त्याच वाहिनीचा फोन आला, ‘प्रतिक्रिया’ हवी म्हणून. त्याने नम्रपणे नकार दिला.

ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यात पोलीस भरतीचे अर्ज सुरू झाले, तेव्हा त्याने फॉर्म भरला. आईने अट घातली होती की निकाल लागेपर्यंत गल्लीत कुणाला सांगायचे नाही, आणि घरात ती सगळ्यांनी पाळली. सोळाशे मीटर तिथेही आहेच. शंभर मीटर आणि गोळाफेक नवी. गोळा त्याने आधी कधी हातात धरला नव्हता. टोळीतला एक मुलगा शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत गोळाफेक खेळलेला आहे. तो संध्याकाळी याच्याकडून सराव करून घेतो. दागिना अजून सोडवलेला नाही. व्याज मात्र आता मुलगा स्वतः भरतो, एका मेडिकल दुकानातल्या अर्धवेळ कामाच्या पगारातून.